रुमालातील चित्रे

दिवाळीच्या आधी घर झाडावयास काढले, की माळ्यावरून काय काय खाली येईल याचा नेम नसतो. फुटलेली हंडी, कान तुटलेले पंचपाळे, आजोबांची छत्री, आणि या सर्वांच्या तळाशी पुष्कळदा एक गाठोडे. रुमालाची गाठ सोडावी तो आत दोन लाकडी फळ्या आणि त्यांच्यामध्ये दाबून ठेवलेली सुट्या पानांची पोथी. पानांवर काळीभोर, टपोरी अक्षरे. अध्यायाच्या आरंभी आणि कधी मध्येच एखादे चित्र. मुले चित्रांवर तुटून पडतात, वडील माणसे क्षणभर हात जोडतात, आणि मग प्रश्न निघतो, ‘हिचे आता काय करावयाचे?’ उत्तरे ठरलेली आहेत. कोणी म्हणतो, नदीत सोडू. कोणी म्हणतो, चित्रे तेवढी कापून चौकटीत बसवू. आणि घरात जो सर्वांत शिकलेला असतो तो म्हणतो, ‘छान बाइंडिंग करून घेऊ.’

पहिल्या दोन उत्तरांतील हानी कोणालाही दिसते. तिसरे उत्तर मात्र शहाणपणाचे वाटते, आणि म्हणूनच मला मुख्यतः त्याच्याविरुद्ध बोलावयाचे आहे.

जुनी सचित्र छापील पुस्तके जमविण्याचा नाद युरोपात फार जुना आहे. छपाईच्या पहिल्या पन्नास वर्षांतील पुस्तकांना तेथे पाळण्यातली पुस्तके म्हणतात. आपल्या ग्रंथपंडितांनी त्यावरूनच ‘दोलामुद्रिते’ असा सुरेख शब्द बनविला. मराठीपुरती त्याची मर्यादा १८०५ पासून १८६७ पर्यंत धरण्याची रीत आहे, कारण १८६७ साली छापखान्यांचा व पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि पुस्तक पाळण्यातून उतरून सरकारी पटावर गेले. आता गंमत अशी, की युरोपातील ती पहिली पुस्तके छापखान्यातून बाहेर पडत ती बहुधा सुट्या तावांनी. बांधणी ज्याची त्याने करून घ्यावयाची. १४९३ साली न्यूरेंबर्ग येथे अँटोन कोबर्गरने जगाचा एक प्रचंड सचित्र इतिहास छापला. त्याच्या प्रतींना कोणी डुकराच्या कातड्याची बांधणी केली, कोणी लाकडी फळ्यांवर पितळी कड्या बसविल्या. एकोणिसाव्या शतकातील धनिक संग्राहकांना ही जाडीभरडी बांधणी दिसावयास बरी वाटेना. त्यांनी ती फाडून टाकली, पाने धुतली, कडा कातरल्या आणि वर सोनेरी वेलबुट्टीचे मऊ चामडे चढविले. आज त्याच देशांतील जाणते संग्राहक अशा नटविलेल्या प्रतीकडे पाठ फिरवितात आणि किडीने खाल्लेल्या मूळ फळीची प्रत शोधीत हिंडतात. त्या फळीच्या अस्तरात दडपलेल्या जुन्या हस्तलिखितांच्या पानांनी विद्वानांच्या हाती किती तरी हरवलेला मजकूर दिला आहे.

हा धडा आपण घ्यावयाचा, पण उलटा घ्यावयास हवा. त्यांची मूळ बांधणी चामड्याची. आपल्या पोथीची मूळ बांधणी म्हणजे न बांधणे. सुटी पाने, दोन फळ्या आणि रुमाल हाच तिचा पुरता वेष होय. या वेषाला ‘बांधणी’ म्हणावे की नाही अशी शंका कोणास येईल, तर त्याने जुन्या लेखकांना विचारावे. पोथी लिहून झाली म्हणजे शेवटी ते वाचकाला विनवीत, की हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. रुमालाची गाठ घट्ट मारणे यालाच ते बांधणी समजत. पेशवे दफ्तरातील लक्षावधी कागद अशाच सुमारे पस्तीस हजार रुमालांत बांधून राहिले आणि टिकले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मी बोलतो आहे ती पोथी हस्तलिखित नव्हे, छापील. पण ती शिळाछापाची. हा भेद नीट समजला नाही तर तिच्यातील चित्रांचे मर्मही समजणार नाही. मराठी मुलुखात देवनागरी छापण्याचा पहिला मोठा खटाटोप खिळ्यांनी झाला नाही, तांब्याच्या पत्र्यांनी झाला. नाना फडणविसांच्या प्रोत्साहनाने पुण्यास एका तांबटाने गीतेची पाने पत्र्यावर कोरावयास घेतली. १८०० साली नाना वारले, आणि ते काम पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे होऊन १८०५ साली गीता छापून निघाली. त्याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे कॅरीसाहेबांनी खिळ्यांनी मराठी व्याकरण छापले. म्हणजे आरंभापासूनच आपल्याकडे दोन वाटा होत्या: अक्षराचे सुटे तुकडे जुळविण्याची एक, आणि हाताने लिहिलेले पान जसेच्या तसे उमटविण्याची दुसरी. शिळाछाप ही दुसऱ्या वाटेवरची पुढची मजल.

जर्मनीत आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस ही युक्ती काढली. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर स्निग्ध शाईने लिहावे, शिळा ओली करावी, वर छपाईची शाई फिरवावी. ओल्या दगडाला ती लागत नाही, स्निग्ध अक्षराला तेवढी लागते. मुंबईत १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी याच रीतीने पंचांग छापले. छापलेल्या कागदाला चरबीची शाई म्हणून शिवावयास लोक भीत, तेव्हा त्यांनी शाईत तूप घातले अशी हकीकत सांगतात. ज्ञानेश्वरीसुद्धा प्रथम १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी शिळाछापानेच काढली. पुढे जावजी दादाजींचा निर्णयसागर १८६९ साली निघाला, त्याचे खिळे देशभर गाजले. पण त्यानंतरही पुष्कळ वर्षे श्रीधरस्वामींच्या आणि महिपतीच्या पोथ्या दगडावर छापल्या जात होत्या. त्याचे कारण केवळ स्वस्ताई नव्हे. पोथी वाचणाऱ्याला सवय लेखकाच्या वळणाची; शिळाछापात ते वळण तसेच राही. खास कागदावर लिहून तो शिळेवर उमटविला, की अक्षर उलटे लिहिण्याचाही त्रास नाही. आणि मुख्य म्हणजे, ज्या लेखणीने ओवी लिहावयाची त्याच लेखणीने शेजारी चित्र काढता येई.

येथेच या चित्रांचा आणि नंतरच्या सर्व सचित्र पोथ्यांचा रस्ता वेगळा होतो. खिळ्यांच्या छापखान्यात चित्राचा ठसा वेगळा तयार होतो आणि मजकुरात नंतर बसवितात. एकदा केलेला ठसा पुनःपुन्हा वापरण्याचा मोह कोणाला आवरत नाही. वर सांगितलेल्या न्यूरेंबर्गच्या ग्रंथात १८०९ चित्रे आहेत, पण ठसे ६४५च; एकच दाढीवाला कोठे राजा, कोठे ऋषी म्हणून निमूटपणे उभा राहतो. आपल्याकडील पुढच्या काळातील पोथ्यांत हेच झाले. शिळाछापात मात्र प्रत्येक पान नव्याने लिहावयाचे असते, तेव्हा चित्रही त्या पानाचे, त्या ओवीचे असते.

जुन्नरला एका जुन्या वाड्यात मला पांडवप्रतापाची अशी एक पोथी सावकाश पाहावयास मिळाली. श्रीधरांनी १७१२ साली पंढरपुरास रचलेला हा ग्रंथ एके काळी घरोघर चातुर्मासात लागत असे. या पोथीतील द्रौपदीवस्त्रहरणाचे चित्र घ्या. दुःशासन एका कडेला, द्रौपदी मधोमध, आणि वस्त्राचे वेढे एकावर एक पडत चित्राच्या चौकटीबाहेर गेलेले. ते इतके बाहेर गेले आहेत, की शेजारच्या ओव्यांना आखूड व्हावे लागले आहे. लिहिणाऱ्याने चार-पाच ओळी मागे सारून वस्त्राला वाट करून दिली आहे. संपत नाही ते वस्त्र, हे सांगण्याचा याहून सोपा आणि याहून परिणामकारक मार्ग मला तरी कोठे दिसलेला नाही. आता हेच चित्र कडेने कापून काचेमागे घाला. आखूड झालेल्या ओळी गेल्या. उरले कापडाचे एक गाठोडे आणि चेहऱ्यावर फारसा भाव नसलेली एक बाई.

सगळीच चित्रे अशी आहेत असे नाही. उगाच देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. या चित्रकारांचे दोषही ढळढळीत आहेत. चेहरे एका साच्याचे. धर्म, भीम आणि अर्जुन ओळखावयाचे ते हातातील आयुधांवरून. युद्धपर्वांत तर चित्रकार कंटाळलेला स्पष्ट दिसतो: तोच रथ, तेच घोडे, बाणांचा तोच पाऊस. भीष्माच्या शरपंजराचे बाण चक्क पट्टी धरून ओढले आहेत. विराटाच्या दरबारात हंड्या-झुंबरे टांगली आहेत, दुर्योधनाला पेशवाई पगडी आहे आणि दारावरचे पहारेकरी कंपनीच्या पलटणीतून रजा घेऊन आल्यासारखे दिसतात. पहारेकऱ्यांना हसावे, जरूर हसावे. पण हसून झाल्यावर एवढे पाहावे, की या चित्रांतील माणसे एकमेकांकडे बघत असतात. शकुनी फाशांकडे बघतो, धर्म शकुनीकडे, आणि मागे उभा असलेला विदुर जमिनीकडे. कोणीही आपल्याकडे बघत नाही. ती मंडळी कथेत गुंतलेली आहेत. पाहणाऱ्याची त्यांना खबर नाही.

१८७८ साली पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली, १८९४ साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला, आणि देव भिंतीवर आले. भिंतीवरच्या देवाला आपल्याकडे बघणे भागच आहे. त्याच्यासमोर उदबत्ती लावावयाची असते. ती कला वेगळी, तिची थोरवीही वेगळी, आणि तिच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या पोथ्यांनी तिची नक्कल केली याच्याशी. पोथीतले चित्र भिंतीवरच्या चित्राची छोटी आवृत्ती बनले; कृष्ण ओव्यांकडे पाठ करून वाचकाकडे पाहू लागला. छपाई सुधारली, रंग आले, प्रमाणबद्धता आली, आणि चित्र वाचण्याचे कारण संपले.

जुन्नरच्या त्या पोथीत याहूनही मोलाची एक गोष्ट होती, आणि ती छापखान्याची नव्हती. मध्यभागीचे एक पान वेगळ्या कागदावरचे निघाले. मूळ पान हरवले किंवा फाटले असावे. घरातीलच कोणी तरी दुसरी पोथी मिळवून त्या पानावरच्या ओव्या हाताने उतरून काढल्या होत्या. एवढेच नव्हे, तर त्या पानावर जे चित्र होते तेही आपल्या हाताने, बोरूने, जमेल तसे काढले होते. कागद जाड, पिवळसर, आणि घोटून घोटून आरशासारखा गुळगुळीत केलेला. जुन्नरसारख्या गावात असा कागद कोठून आला असेल हे सांगावयास नको.

कारण जुन्नरी कागद हे नाव मराठ्यांच्या दफ्तरात दौलताबादी कागदाच्या बरोबरीने येते. कागदी म्हणून ओळखली जाणारी मुसलमान घराणी येथे हा धंदा करीत. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरातही जुन्नरच्या कागदाची नोंद आहे. तागाची जुनी पोती आणि दोरखंडे यांचे तुकडे करावयाचे, चुना लावून कुजवावयाचे, पायाने चालणाऱ्या ढेंकीखाली कुटावयाचे आणि वाहत्या पाण्यात धुवावयाचे. ही फेरी पुनःपुन्हा. मग तो लगदा हौदातील पाण्यात कालवून गवताच्या बारीक काड्यांच्या साच्यावर ताव उचलावयाचा, भिंतीला चिकटवून वाळवावयाचा, खळ लावावयाची आणि गुळगुळीत दगडाने घोटावयाचा. घोटल्याशिवाय बोरूची शाई फुटते. अशा कागदाला किडीपासून राखण्यासाठी हरताळ लावीत, चुकलेल्या अक्षरावरही हरताळच फाशीत. तो वाक्प्रचार आपण अजून वापरतो, वस्तू विसरलो आहोत. गिरण्यांचा आणि तुरुंगांत होणारा कागद स्वस्त पडू लागला, कचेऱ्यांनी तो पत्करला, आणि कागद्यांचा धंदा ओसरत गेला.

छापील पोथीत मध्येच सापडलेले ते हाताचे पान मला फार बोलके वाटते. छपाई आली आणि हस्तलिखित संपले, असे आपण शाळेत शिकतो. ज्या घरात छापील पान हरवले म्हणून कोणी बोरू घेऊन बसतो आणि चित्रासकट ते पुरे करतो, त्या घरात छापील आणि लिखित असा भेदच नव्हता. पोथी पूर्ण असली पाहिजे, एवढेच होते. सुट्या पानांची पोथी असल्यानेच हे शक्य झाले. एक पान गेले, एक आले. शिवण उसवावी लागली नाही. आणि बाइंडरच्या हाती ती गेली असती, तर वेगळ्या मापाचे, वेगळ्या कागदाचे हे पान त्याने पहिल्या फटक्यात बाहेर टाकले असते, किंवा कडा कातरून त्या चित्रातील अर्धा रथ केरात गेला असता.

बाइंडिंगविषयी मी इतका कडवट का, हे सांगितले पाहिजे. एका ग्रंथालयात मी शिळाछापाची पोथी रेक्झिनच्या कव्हरात, पाठीवर सोनेरी अक्षरे घातलेली, अशी पाहिली. उघडली तो काय? एक पान सुलटे, दुसरे उलटे. तिसरे सुलटे, चौथे पुन्हा शीर्षासन घातलेले. अख्खी पोथी अशी! बांधणाऱ्याला पोथी कशी वाचतात हेच ठाऊक नव्हते. पोथीचे पान पुस्तकासारखे उजवीकडून डावीकडे उलटीत नाहीत. वाचणारा त्याची आपल्याकडची कड धरून वर उचलतो आणि ते आपल्यापासून दूर पालथे घालतो. म्हणून पानाच्या पुढल्या बाजूचा जो तळ, तोच मागल्या बाजूचा माथा. डाव्या कडेला शिवण घातली, की निम्मा ग्रंथ डोक्यावर उभा राहणारच. वरच्या लांब कडेला शिवली असती तर निदान व्यापाऱ्याच्या चोपडीसारखी वाचता तरी आली असती. शिवाय यंत्राने चारी बाजू कातरल्यामुळे समासातील ग्रंथाचे संक्षिप्त नाव, अध्यायाचा अंक, पानाचा अंक, सारे अर्धवट झाले होते. पहिल्या पानाची पुढली बाजू कोरी असते, ती पुठ्ठ्याला चिकटवून टाकलेली. घरचे लोक लिहीत ते नेमके त्याच कोऱ्या बाजूवर: कोणाचा जन्म कोणत्या घटकेला झाला, कोणाला किती मण ज्वारी उसनी दिली, पारायण कोणत्या श्रावणात पुरे झाले.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. बांधली नसती तर ती पोथी राहिली असती का? सुट्या पानांची पोथी वाचनालयात दहा जणांच्या हाती गेली तर पाने हरवतातच. ज्या ग्रंथपालांनी तुटपुंज्या पैशांत, घाईने, पण कळकळीने अशा पोथ्यांना पुठ्ठे घातले, त्यांनी त्या वाचविल्या हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शंकर गणेश दाते यांच्यासारख्या माणसाने १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची एकट्याच्या हिमतीवर रचली, ती अशाच पुठ्ठे घातलेल्या प्रती चाळून. परंतु त्या काळची गरज आजची सबब होऊ शकत नाही. आज वाचकाला मजकूर हवा असेल तर तो छायाचित्रांवरून पुरविता येतो आणि पोथी रुमालातच ठेवता येते. मात्र छायाचित्रे घेणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. ते पाने सुलटी करून घेतात हे ठीक. पण कोरी पाने, फळ्या आणि रुमाल यांना निरुपयोगी समजून गाळतात. आणि एकदा चित्रफीत झाली, की मूळ पोथीची अडगळ वाटू लागते.

रुमालाविषयीही दोन शब्द. तो बाजारातून आणलेला असतोच असे नाही. कधी तो जुन्या पागोट्याचा तुकडा असतो, कधी झिजलेल्या लुगड्याचा पदर. त्या जुन्नरच्या पोथीचा रुमाल लुगड्याचाच होता. एका कोपऱ्यात काठ अजून शाबूत आणि गाठीच्या जागी विरलेला. संग्राहक पोथी विकत घेतो आणि रुमाल, मळका म्हणून, तेथेच टाकून येतो. इकडे विलायतेत पंधराव्या शतकातील एका पितळी कडीसाठी लिलावात बोली चढते!

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभ्याचे धरण झाले आणि जुने आंबेगाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव तेवढे उरले, कचेऱ्या घोडेगावात. गाव उठते तेव्हा माणसे गुरे नेतात, भांडी नेतात, दाराच्या चौकटीसुद्धा उपटून नेतात. देवघरातील मूर्ती नेतातच. पोथीचे मात्र अशा वेळी हमखास ठरते, की आता हिला पाण्यातच सोडावी. अपमान नव्हे, तो तिचा सन्मानच असतो, हे मला मान्य आहे. माझी विनंती एवढीच, की सोडण्यापूर्वी गाठ सोडून पाने एकदा मोजावीत, आणि एखादे पान वेगळ्या कागदाचे, वेगळ्या हाताचे निघाले तर ते कोणी लिहिले हे घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे. जुन्नरच्या त्या वाड्यातील आजींना मी विचारले होते. त्या म्हणाल्या, ‘आमच्या सासूबाईंच्या सासऱ्यांनी. चित्र काढता येत नव्हतं त्यांना, पण पान रिकामं कसं ठेवायचं?’